तेहतीस मिनिटांची फीत

माझ्या शेवटच्या टोकाचा सुमारे अकरा सेंटिमीटर भाग सरळ नाही. त्यावर सात आडव्या घड्या आहेत. पहिल्या चार खोल आहेत, पुढच्या तीन फिकट होत गेल्या आहेत. मी यंत्रातून सुटले तेव्हा चाक अजून फिरत होतं आणि माझं टोक यंत्राच्या कडेवर आपटत राहिलं. चाक मंदावलं तसा आपटण्याचा जोरही कमी झाला. भिंग घेऊन नीट बघितलं तर त्या दुपारी चाक कसं थांबलं हे या घड्यांवरून सांगता येईल. गाणं कसं थांबलं हे मात्र सांगता येणार नाही. ते मलाही माहीत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. पाच सेंटिमीटर रुंद आणि साडेसातशे मीटरहून थोडी जास्त लांब. रिळासकट माझं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं. आता मी थकले आहे, तेव्हा जे सांगायचं ते सावकाश सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गंजलेल्या लोखंडाची बारीक पूड चिकट द्रावात कालवली, ती प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर सारखी पसरली, वाळवली, आणि धारदार पात्यांनी कापून आम्हाला रिळांवर गुंडाळलं. लोखंडाला गंज चढला की माणसं हळहळतात. माझं तर सगळं अंगच गंजाचं आहे. फक्त तो पिठासारखा दळलेला आणि शिस्तीत बसवलेला असल्यामुळे त्याला आवाज लक्षात राहतो. माझ्यावर शेजारी शेजारी चोवीस पट्टे आहेत. प्रत्येकावर एक वेगळा आवाज लिहिता येतो, आणि नंतर सगळे एकत्र किंवा एकेकटे ऐकता येतात.

माझी उणीवही आधीच सांगून टाकते. मी तेहतीस मिनिटांची आहे. त्यापुढे मी नाही.

आम्हा चार बहिणींना, म्हणजे चार रिळांना, एका ध्वनिमुद्रकाने विकत आणलं. त्यांना सगळे काका म्हणत. आत्ताच कुठेतरी काहीतरी बिघडलंय असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कायम असायचा, पण हात अगदी स्थिर. एका चर्चच्या गायकवृंदाला आपल्या उपासनेच्या गाण्यांचा अल्बम काढायचा होता. तोही स्टुडिओच्या बंद खोलीत नव्हे. समोर मंडळी बसलेली हवी, ती गात असलेली, टाळ्या वाजवत असलेली हवी. ते काम काकांकडे आलं होतं.

गायकवृंदाची प्रमुख होती ताई. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करायची. वाफेत आणि यंत्रांच्या घरघरीत दिवसभर एकमेकींना हाका मारून तिचा आवाज असा तयार झाला होता की ती कधी ओरडत नसे, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. ती गॉस्पेल पद्धतीने गायची. म्हणजे एकाने हाक घालायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा येत दर वेळी थोडी वर चढायची. तिच्या धाकट्या भावाचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उकलून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. घरी आला की तो इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवायचा, आणि त्याला रॉक सोडून काही सुचत नसे. दोन्ही कारणांनी त्याला सगळे करंट म्हणायचे. ताईसुद्धा.

त्या चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्या तालमीत करंटने गिटार छेडली तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"देव बहिरा आहे का रे?"

"देव नाही हो बाई," करंट म्हणाला. "पण मागच्या तीन बाकांवरचे सगळे आहेत."

"म्हणजे तू त्यांच्यासाठी वाजवतोस?"

"आधी ते तरी जागे होऊ देत."

बाई हसल्या नाहीत. पण पुढच्या तालमीला त्या वेळेवर आल्या आणि ऑर्गनचा आवाज एक खूण वाढवून बसल्या. त्या दिवसापासून दोन्ही जमायला लागलं. ताईची हाक, बाईंचा ऑर्गन, आणि त्याखालून करंटची गुरगुरणारी गिटार.

शेवटच्या तालमीला काकांनी सगळ्यांना गोळा करून माझी मर्यादा समजावून सांगितली.

"तेहतीस मिनिटांत रीळ संपतं. बदलायला मला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही प्रार्थना करा, बोला, काहीही करा. पण गाणं सुरू नको."

ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "पवित्र आत्मा काय तुमचं रीळ बघून येणार आहे?"

"बघून नाही आला तरी चालेल, बाई. बघून गेला म्हणजे झालं."

त्यावर उपाय म्हणून काकांनी एक लाल दिवा आणला. करंटच्या पायाशी, गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्यांजवळ तो ठेवला आणि त्याची तार पाळकसाहेबांच्या खोलीत नेली. यंत्र तिथे मांडलं होतं. तीन मिनिटं उरली की काका बटण दाबणार, दिवा लागणार, आणि ताई हाताची मूठ मिटणार. तिने मूठ मिटली की गाणं त्याच ओळीवर संपवायचं, हा वृंदाचा जुना नियम होता. तीन मिनिटांत कुठलंही गाणं नीट संपवता येतं.

शनिवारी दुपारी ध्वनिमुद्रण झालं. पंख्यांची घरघर आमच्यात उतरू नये म्हणून काकांनी सगळे पंखे बंद करायला लावले. मग तीनशे माणसं गीतपुस्तकांनी वारा घेत बसली, आणि तो फडफडाट मात्र पहिल्या रिळापासून आमच्यात उतरला आहे. हे काकांना आधी सुचलं नव्हतं. पहिल्या बाकावर ताईची सहा वर्षांची मुलगी बसली होती. ती मधून मधून स्वतःच्याच तालात टाळ्या वाजवत होती. त्याही आहेत.

माझी पाळी तिसरी. माझ्यावर आधी दोन छोटी गाणी आली आणि एकोणिसाव्या मिनिटाला 'थारा' सुरू झालं.

'थारा'ला ठरलेले शब्द फारसे नव्हते. ताई कोणासाठी तरी हाक घालायची आणि मंडळी उत्तर द्यायची. ती म्हणायची, "थकल्याला", आणि तीनशे माणसं म्हणायची, "थारा दे". "रात्रपाळीच्या नर्सला." "थारा दे." "घरी एकट्या बसलेल्याला." "थारा दे." पुढचं नाव काय येईल हे कोणालाच माहीत नसायचं. तिलाही नसावं. पंचविसाव्या मिनिटाला मागचं दार करकरलं आणि एक गृहस्थ चोरपावलांनी आत आले. ताईने त्यांना बघितलं आणि त्याच सुरात हाक घातली, "उशिरा येणाऱ्याला." सगळं चर्च हसलं आणि हसतच म्हणालं, "थारा दे." ते गृहस्थ कुठे बसू ते न कळून तिथेच भिंतीला टेकले. मित्रांनो, मी पुष्कळ वेळा वाजवली गेलेली फीत नाही. पण ते हसणं जेव्हा जेव्हा यंत्रावरून गेलं, तेव्हा ऐकणारा हसला आहे.

हसणं ओसरलं आणि मग काही माणसं रडायला लागली. करंटच्या गिटारने वरचा सूर धरला. बाई ऑर्गनवर जवळजवळ उभ्या राहून वाजवत होत्या. तिसाव्या मिनिटाला काकांनी आतून बटण दाबलं.

गाणं थांबलं नाही.

तेव्हा काय झालं ते माझ्या एका पट्ट्यावर लिहिलेलं आहे. पण फितीला आपणहून काही सांगता येत नाही. तिला कोणीतरी वाजवावं लागतं, आणि नेमकं तेवढंच ऐकावं लागतं. गाणं पुढे तीन मिनिटं चाललं, चढत गेलं. ताईने श्वास घेतला आणि हाक घालायला सुरुवात केली, "आणि..."

माझ्यावरचा शेवटचा शब्द 'आणि' आहे. मग मी संपले आणि माझं टोक आपटायला लागलं.

काकांनी धावपळ करून चौथं रीळ चढवलं. त्याची सुरुवात माणसांच्या हुंदक्यांनी आणि पाळकसाहेबांच्या प्रार्थनेने होते. मधली दोन-सव्वादोन मिनिटं कुठेच नाहीत. गाणं त्यात संपलं. सगळे म्हणतात की तसं गाणं पुन्हा झालं नाही. पण ताईची शेवटची हाक कोणासाठी होती असं विचारलं, की ज्याचं त्याचं उत्तर वेगळं. बाई म्हणाल्या, मरणाच्या दारात असलेल्यासाठी. पाळकसाहेब म्हणाले, पाप्यासाठी. उशिरा आलेले गृहस्थ म्हणाले की पुन्हा त्यांचंच नाव आलं होतं. करंट म्हणाला, मी पायाकडे बघत होतो. ताई म्हणाली, आठवत नाही.

दोष काकांवर गेला. दिवा लागलाच नाही, असं वृंदातल्या दोघातिघांनी बोलून टाकलं आणि मग ते सगळ्यांचंच झालं. काका एकदाच म्हणाले, "लावला होता." त्यावर कोणी काही बोललं नाही. करंटही बोलला नाही. काका परत तसं म्हणाले नाहीत. यानंतर ते कधी भरल्या सभेत ध्वनिमुद्रण करायला गेले नाहीत. जाहिराती आणि मुलांच्या गोष्टी, एवढंच काम त्यांनी घेतलं.

पुढच्या महिन्यात 'थारा' पुन्हा गाऊन घ्यायचं ठरलं होतं. त्या महिन्यात ताईच्या गळ्यात गाठ सापडली. ऑपरेशन नीट झालं, गाठही साधी निघाली. पण आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एकाची नस गाठीला चिकटून होती. तिला ती गाठीबरोबर गमवावी लागली. एक पडदा हलेनासा झाला. दोन्ही पडदे जुळले नाहीत की मधल्या फटीतून वाराच जास्त जातो. तेव्हापासून ताई बोलते ती अशी, की ऐकणाऱ्याला जवळ यावं लागतं.

डॉक्टर म्हणाले होते, काही वेळा आवाज परत येतो. त्या 'काही वेळा'वर सगळे विसंबले. चर्चमध्ये ताईचा माइक तिच्या जागी उभा राहिला. त्याला दर रविवारी कोणीतरी पुसायचं. ताई बऱ्या झाल्या की, असं पाळकसाहेब दर वर्षी म्हणायचे. करंट विचारायचा, "ताई, अल्बमचं काय करायचं? बाकीची आठ गाणी तयार आहेत. आहे तसा काढू या का?" ताई म्हणायची, "बघू."

तिचं 'बघू' मला कळत होतं. अल्बम अपुरा होता तोवर ताईचं गाणंही संपलेलं नव्हतं. तो एकदा बाहेर आला असता तर संपलं असतं.

काकांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा आम्ही चौघी करंटच्या दुकानात आलो. मोटारींच्या गर्दीत, चुंबकांपासून हातभर अंतरावर. चुंबक म्हणजे आमच्यासाठी खोडरबर. काका एकदा सहज डोकावले आणि त्यांनी आम्हाला तिथे बघितलं.

"अरे, माती कर एकदाची यांची, सुटशील," ते म्हणाले.

करंटने त्याच संध्याकाळी आम्हाला ताईकडे पोचवलं. ताईने आमच्याकडे बघितलं, खोकी फडक्याने पुसली आणि न्हाणीघरावरच्या माळ्यावर ठेवली, पाण्याच्या टाकीला लागून. घरात दुसऱ्या जागा होत्या. पण त्या डोळ्यांसमोरच्या होत्या.

तिथे मी अकरा वर्षं काढली. खालून रोज वाफ यायची. ज्या चिकट द्रावाने माझा गंज मला धरून आहे, तो हवेतली ओल शोषतो. मग तो मऊ पडतो, आणि एकावर एक गुंडाळलेले माझे वेढे एकमेकांना चिकटायला लागतात. हे एका दिवसात होत नाही. दुखतही नाही. रोज थोडं जड वाटतं, इतकंच. मधे एकदा करंटने मला खाली काढून काकांच्या घरी नेलं होतं. काकांनी यंत्रावरची चादर आणि फुलदाणी बाजूला करून मला चढवलं. मी दहा फूटही गेले नसेन, तोच मी किंचाळायला लागले. खरोखर किंचाळले. चिकट फीत यंत्रावरून ओढली की तसाच आवाज येतो. यंत्रावर माझा तपकिरी लेप बसला.

"थांब, थांब," काका म्हणाले. "आणखी ओढलंस तर गाणं यंत्राला चिकटेल आणि तुझ्या हातात नुसतं प्लॅस्टिक राहील."

मी परत माळ्यावर गेले. करंटने ताईला सांगितलं, "खराब झालीय बहुतेक." ताई म्हणाली, "बघू." मला वाटलं, चला, संपलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. अर्धवट गाणं अंगावर घेऊन पडून राहण्याचा कंटाळा आला होता.

यंदा टाकी गळायला लागली म्हणून नळ दुरुस्त करणारा आला आणि त्याने आधी आम्हाला खाली उतरवलं. ताईची मुलगी घरी होती. ती आता पंचवीस वर्षांची आहे आणि बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बियाण्यात पाणी किती आहे ते काढायचं, मग ते रुजवून किती उगवतं ते मोजायचं, हे तिचं रोजचं काम. तिने माझं खोकं उघडलं, माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटावर आलेला चिकटपणा अंगठ्याने चोळून बघितला.

"खराब नाही झालेली, आई. ओली आहे."

तिने दोन दिवस वाचन केलं, काकांना फोन केला आणि मग आपल्या साहेबांकडे भट्टी मागितली. प्रयोगशाळेतली ती भट्टी एक-एक अंश तापमान धरून ठेवते. साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"हे बियाणं आहे का?"

"नाही साहेब. आईचं गाणं आहे."

"मग शनिवारी ठेव, तेव्हा भट्टी रिकामी असते." थोडं थांबून ते म्हणाले, "उगवण किती टक्के धरतेस?"

"शंभर नाही धरत," ती म्हणाली.

चोपन्न अंशांवर सोळा तास. आठ तासांनी तिने मला हलक्या हाताने उलटं केलं. ओल निघून गेली, वेढे सुटे झाले. बहिणींनाही तिने असंच वाळवलं. कारखाना सोडल्यापासून इतक्या सावधपणे मला कोणी हाताळलं नव्हतं. हा कोरडेपणा टिकतो तीन-चार आठवडे. मग ओल परत शिरते. तेवढ्यात मला एकदा नीट वाजवून माझ्यावरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला हवं होतं.

मित्रांनो, अशा गोष्टीत इथे म्हातारी वस्तू काहीतरी मागते. मला कोरड्या जागी ठेवा, पाण्यापासून आणि चुंबकापासून दूर ठेवा, हे सगळं खोक्यावर छापलेलंच आहे. मी दुसरं मागते. ज्याचा शेवट करायचा राहिला आहे, ते डोळ्यांआड ठेवू नका. माळ्यावर ओल तेवढी वाढते. आणि एखाद्याने "लावला होता" असं सांगितलं, तर निदान एकदा त्याला विचारा.

आता जे झालं ते सांगते आणि थांबते.

काकांच्या बाहेरच्या खोलीत सकाळी दहा वाजता चौघं जमली. काका, करंट, ताई आणि तिची मुलगी. पाळकसाहेब पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. निरोपाच्या वेळी मंडळीच्या हातात अल्बम पडावा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्यामुळे यावेळी नुसत्या 'बघू'वर भागणार नव्हतं. आधी दोघी बहिणी उतरल्या. मग काकांनी मला चढवलं आणि मी न किंचाळता फिरायला लागले. गीतपुस्तकांचा फडफडाट आला, टाळ्या आल्या. दार करकरलं. "उशिरा येणाऱ्याला" ऐकून करंट हसला आणि लगेच त्याने नाक पुसलं. ताई आपला जुना आवाज ऐकताना खिडकीकडे बघत होती. मुलगी आईकडे बघत होती. मग "आणि" आलं, आणि आपटण्याचा आवाज.

काकांनी हाताने चाक धरलं.

"मी काय म्हणतो," करंट भाचीकडे बोट दाखवत म्हणाला. "हिचा आवाज ताईसारखाच आहे. फोनवर मीसुद्धा फसतो. शेवटच्या चार हाका हिच्याकडून गाऊन घेऊ. काका, तुम्ही जोड मारा. कोणाला कळणार नाही."

"जोड मी अशी मारीन की उद्या मलाच सापडणार नाही," काका म्हणाले. "ते सोड."

"मामा, आम्ही एका पोत्यातलं बी दुसऱ्या पोत्याच्या नावावर लावत नाही," मुलगी म्हणाली.

"अगं बाई, हे बी नाही. गाणं आहे."

"मग नाव कोणाचं लावणार?"

"ताईचं. गाणं तिचं आहे ना."

"आणि गाऊ काय? शेवटी आई काय म्हणाली होती ते कोणालाच माहीत नाही."

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बघू," ती म्हणाली.

करंट काहीतरी पुटपुटला आणि उठून उभा राहिला. काकांना वाद आवडत नाहीत. ते कॉम्प्युटरकडे वळले आणि सवयीने माझा एकेक पट्टा सुटा काढून तपासायला लागले. ड्रम. ऑर्गन. ताईचा माइक. सतरावा पट्टा करंटच्या माइकचा होता. तोही मंडळीबरोबर "थारा दे" म्हणत असे. काकांनी तो शेवटच्या तीन मिनिटांपाशी लावला. करंटच्या धापा आल्या. मग अगदी जवळून, गाण्यातला नाही असा बोलण्याचा आवाज.

"ताई, दिवा. तीनच मिनिटं आहेत."

आणि ताईचा आवाज, स्वतःच्या माइकपासून तोंड वळवलेला. "राहू दे."

"ताई, रीळ..."

"राहू दे म्हटलं ना तो दिवा."

मग परत तीनशे माणसांचं "थारा दे".

एकोणीस वर्षं ही चार वाक्यं माझ्या सतराव्या पट्ट्यावर होती. ती वाजल्यावर मला हलकं वाटेल असं मला नेहमी वाटायचं. तसं काही झालं नाही. मी फक्त आणखी थकले.

काकांनी तेवढाच भाग परत लावला. मग बंद केला.

"म्हणजे लागला होता," ते म्हणाले. "बटण खराब असेल असं वाटत होतं मला. दोनदा उघडून बघितलं मी ते."

"काका, मी सांगायला हवं होतं," करंट म्हणाला. "तेव्हा वाटलं, आधी ताई बरी होऊ दे. मग ती..."

"हो. सांगायला हवं होतं."

काकांनी कापूस घेतला आणि यंत्राचा भाग पुसायला लागले. तो स्वच्छच होता. मुलगी उठून आईच्या शेजारी जाऊन बसली, कारण ताईचे ओठ हलत होते. करंटही जवळ आला. काकांनी कापूस खाली ठेवला आणि खुर्ची ओढून घेतली. आता चौघं इतकी जवळ बसली होती की गुडघ्याला गुडघे लागत होते.

"काका, दिवा मी बघितला होता," ताई म्हणाली. "समोर माणसं रडत होती. त्यांना मधेच कसं सोडायचं? म्हटलं, रेकॉर्डिंग काय, पुढच्या महिन्यात पुन्हा करू. नंतर तुम्हाला सगळे बोलले तेव्हा मी बिछान्यावर होते. उठले, तरी बोलले नाही. चुकलं माझं."

काकांनी मान हलवली. ती हो म्हणायला की असू दे म्हणायला, मला कळलं नाही.

"मग शेवटी काय म्हणालीस ते तरी सांग," करंट म्हणाला. "तुला आठवत असणार."

"नाही रे. खरंच नाही. रोज आठवून बघते. कधी वाटतं बाईंचं बरोबर, कधी वाटतं पाळकसाहेबांचं."

मुलीने आईचा हात हातात घेतला आणि पदर तिच्या बोटावरून सोडवला.

"मी आता गाणार नाही," ताई म्हणाली. आवाज वाऱ्यासारखा होता, पण शब्द अडखळला नाही. "पाळकसाहेबांना सांगा, माझा माइक उचला. अल्बम काढा. माझं आहे ते 'आणि'पर्यंत ठेवा, पुढे जोड दिसू दे. तिथून ही गाईल, स्वतःच्या आवाजात, आणि पाकिटावर हिचं नाव लिहा."

"आई, पण मी म्हणू काय?"

"थारा कोणासाठी मागायचा, ते तुझं तू ठरव."